पुरलेला शार्क, राखेतली अंडी, कातड्यात कुजवलेले पक्षी: हे खाऊन लोक आजारी का पडत नाहीत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: आइसलंडमध्ये शार्क मासा जमिनीत पुरून मग खातात, चीनमध्ये अंडी चुना आणि राख यांच्या लेपात महिनोन्‌महिने ठेवतात, ग्रीनलंडमध्ये अख्खे पक्षी सीलच्या कातड्यात भरून कुजवतात आणि तरीही ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट आहेत. मग ‘वास आला की टाकून द्यावे’ हा लहानपणापासून आपल्याला घातलेला दंडक खोटा आहे का, आणि चित्रफीत पाहून यांपैकी एखादा पदार्थ घरी करून पाहिला तर काय बिघडते?

मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि खारवलेले, वाळवलेले व आंबवलेले पदार्थ करणाऱ्या लहान उत्पादकांना सल्ला देते, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे नेहमी येतो. त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. उग्र वास आणि धोका यांचा परस्परसंबंध किती, ही पहिली गोष्ट. आपल्याला दिसणाऱ्या पदार्थामागची कृती आपल्याला खरोखर दिसते का, ही दुसरी, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. शिवाय ‘लोक आजारी पडत नाहीत’ हे गृहीतकही पूर्णपणे खरे नाही. लोक आजारी पडलेले आहेत, मेलेलेही आहेत, आणि नोंदवलेल्या अनेक घटनांमध्ये एक साम्य आढळते: पदार्थ तोच राहिला, पण त्याच्या कृतीतली एखादी क्षुल्लक वाटणारी पायरी गळली किंवा बदलली.

उत्तर सरसकट देता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हवामान, कच्चा माल, भांडे आणि खाणाऱ्याची प्रकृती यांवर बरेच अवलंबून असते. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील थंड खड्ड्यात जे मांस सहा आठवडे तग धरते, ते पुण्याच्या मे महिन्यात एक दिवसही तग धरणार नाही. त्यामुळे अमुक पदार्थ चांगला की वाईट असा निवाडा देण्याऐवजी तो कोठे, कशात, किती काळ आणि कोणत्या क्रमाने केला जातो, हे पाहावे लागते.

प्रथम वासाविषयी. नाकाला जे असह्य वाटते ते बहुधा अमोनिया, निरनिराळी अमाइन्स, गंधकाची संयुगे आणि ब्युटिरिक आम्लासारखी लहान मेदाम्ले यांचे मिश्रण असते. प्रथिने आणि मेद यांचे विघटन होताना ही द्रव्ये तयार होतात. मुरलेल्या चीजमध्ये ती असतात, सुक्या मासळीतही असतात, आणि त्यांच्या उपस्थितीवरून पदार्थ विषारी आहे असे सिद्ध होत नाही. याउलट, जी द्रव्ये माणसाचा जीव घेतात त्यांच्यापैकी कित्येकांची नाकाला चाहूलही लागत नाही. बोट्युलिनम या जिवाणूचे विष अत्यल्प प्रमाणात प्राणघातक असते, आणि ते असलेल्या पदार्थाचा वास व चव अगदी नेहमीसारखी असू शकते. जपानमधील फुगू माशातल्या टेट्रोडोटॉक्सिनला वास नसतो आणि शिजवल्याने ते नष्टही होत नाही. एवढे लांब जायचे नसेल तर आपला बांगडा घ्या: पकडल्यानंतर तो उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामिन साचते, त्याचा फारसा वास येत नाही, आणि नंतर मासा कितीही खरपूस तळला तरी ते जात नाही. म्हणून घरातला दंडक चुकीचा नाही. दुधाला किंवा वरणाला वास आला याचा अर्थ तेथे कोणाच्याही नियंत्रणाबाहेर काहीतरी वाढले आहे, आणि ते टाकणेच योग्य. मात्र त्याची उलटी बाजू, म्हणजे वास नाही म्हणून पदार्थ निर्धोक, ही समजूत धोक्याची आहे.

आता आपण उल्लेखलेल्या शार्कपासून सुरुवात करू, कारण त्याच्या बाबतीत ‘ताजे ते चांगले’ हे सूत्र उलटे पडते. ग्रीनलंड शार्कचे ताजे मांस विषारी असते. त्यात युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड ही द्रव्ये भरपूर असतात, आणि दुसऱ्या द्रव्यापासून आतड्यात असे अमाइन तयार होते की खाणाऱ्याला दारू चढल्यासारखे होऊन तो कोलमडतो. आइसलंडमधील लोकांनी यावर जो मार्ग काढला त्याला हाउकार्ल म्हणतात. मांसाचे तुकडे वाळू-खडीच्या उथळ खड्ड्यात ठेवून वर दगड रचतात. दगडांच्या वजनाने द्रव निथळत राहतो आणि खडीतून वाहून जातो, तर जिवाणू युरियाचे रूपांतर अमोनियात करतात. सहा ते बारा आठवड्यांनी तुकडे बाहेर काढून, पट्ट्या कापून, वारा खेळत राहील अशा छपराखाली काही महिने टांगतात. वर तपकिरी साल धरते, ती काढून टाकतात आणि आतले पांढरे-पिवळसर मांस लहान चौकोनी तुकड्यांत वाढतात. थोराब्लोट नावाच्या हिवाळी मेजवानीत हे तुकडे आवर्जून असतात.

या वर्णनात खडी आणि वारा यांच्याकडे लक्ष द्यावे. चित्रफितीत ‘शार्क पुरतात’ एवढेच दिसते. परंतु निचरा होणारी खडी नसती तर विषारी द्रव मांसातच राहिला असता, आणि वाऱ्यावर टांगण्याची पायरी नसती तर साचलेले अमोनिया उडून गेले नसते आणि मांस सुकलेही नसते. कोणी हाच मासा हवाबंद डब्यात भरून अंगणात पुरला, तर कृती वरवर तशीच दिसेल आणि परिणाम मात्र निराळा होईल.

माझ्याकडे कोणी नवा पदार्थ घेऊन आले की मी चवीविषयी सर्वांत शेवटी विचारते. आधी विचारते ते असे: आम्लता किती, मीठ किती, जिवाणूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, तापमान किती आणि आत हवा पोहोचते का. जगातील बहुतेक टिकाऊ पदार्थांचे कुलूप या पाच किल्ल्यांपैकी एक-दोन किल्ल्यांनी लावलेले असते. चिनी पिदान अंड्यांत ते काम अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे द्रव्य, करते: चुना, लाकडाची राख, मीठ आणि चहा यांच्या लेपातून अल्कली कवचाच्या सूक्ष्म छिद्रांवाटे आत झिरपते, पांढरा बलक गडद तपकिरी जेलीसारखा होतो, पिवळा बलक हिरवट-करडा होतो, आणि अंडे इतके अल्कलीयुक्त होते की घातक जिवाणूंना तेथे वाढणे अवघड जाते. त्या अंड्याला जे ‘हजार वर्षांचे’ वगैरे म्हणतात ती निव्वळ अतिशयोक्ती आहे. काही आठवडे ते काही महिने एवढाच तो काळ असतो. तेथे खरी काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची, कारण ही क्रिया नीट साधावी म्हणून पूर्वी लेपात शिशाचा ऑक्साइड मिसळत असत. म्हणून पिदान घ्यायची तर शिसेविरहित असल्याचे वेष्टनावर नमूद केलेली घ्यावी.

जपानी नात्तोचे तर्कशास्त्र याच्याही पुढचे आहे, कारण तेथे निवडलेला जिवाणूच पहारा देतो. सोयाबीन पूर्ण शिजवून, गरम असतानाच भाताच्या पेंढ्यात गुंडाळत. पेंढ्यावरील बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू उष्णता सोसतात, इतर बहुतेक जंतू सोसत नाहीत, आणि सुमारे ४० अंश सेल्सिअसला एका दिवसात तोच जिवाणू सगळा दाणा व्यापून टाकतो. ती तार सुटणारी चिकट बुळबुळ आणि तो अमोनियाचा वास, दोन्ही त्याचीच करणी. आपल्याला हे परके वाटते, पण भारतातही त्याची भावंडे आहेत: नागालँडमधील अखुनी, सिक्कीम आणि दार्जिलिंगमधील किनेमा, मणिपूरमधील हवाइजार आणि मेघालयातील तुंगरिंबाई. दिल्लीत किंवा पुण्यात भाड्याच्या खोलीत अखुनी शिजवणाऱ्या ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर शेजारी नाक मुरडतात, तेव्हा त्याच शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातील हिंगाचा वास जगातील निम्म्या लोकांना सोसत नाही, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

जेथे कृती बिघडली आणि माणसे दगावली, त्या घटनांकडे आता वळते. यांपैकी पुष्कळ घटनांमागे बोट्युलिनम आहे. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. त्याचे बीजाणू माती, समुद्रतळ आणि माशांची आतडी येथे सहज सापडतात, आणि साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. त्याला रोखण्याचे उपाय ठरलेले आहेत: पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका लहान तितका पदार्थ अधिक आंबट), ४.६ च्या खाली नेणे, किंवा पदार्थातील पाण्यात मिठाचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत चढवणे, किंवा पदार्थ पुरेसा कोरडा करणे. माशांत आढळणारा त्याचा ‘ई’ प्रकार तर सुमारे ३ अंश सेल्सिअसलाही हळूहळू वाढू शकतो. म्हणजे घरच्या शीतकपाटावर विसंबून चालत नाही.

इजिप्तमध्ये शाम अल-नसीम या वसंतोत्सवाच्या दिवशी फसीख नावाचा खारवलेला मासा खातात. बोयटाच्या कुळातील हा मासा आतडी न काढता आधी काही काळ तसाच ठेवून थोडा फुगू देतात आणि मग मिठात मुरवतात. अनुभवी फसीखवाल्याला हा आधीचा काळ किती असावा आणि मीठ किती लागते याचा अंदाज असतो. हा अंदाज चुकला तर मीठ आतपर्यंत पोहोचण्याआधीच माशाच्या पोटात विष तयार झालेले असते. १९९१ मध्ये तेथे बोट्युलिझमची, म्हणजे या विषाने होणाऱ्या लकव्याच्या आजाराची, मोठी साथ उद्भवली, ९० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतील १८ दगावले. आपल्या कोकणात बोंबील वलांडीवर टांगून कडक उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वाळवतात. तेथे पाणी झपाट्याने उडते आणि हवा सर्व बाजूंनी लागते, त्यामुळे या विशिष्ट जिवाणूला संधी मिळत नाही. सुक्या बोंबलाचे शत्रू वेगळे आहेत: अवकाळी पाऊस, बुरशी आणि माश्यांच्या अळ्या.

अलास्कातील उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. तेथील मूलनिवासी समाज सामन माशाची डोकी, बीव्हरच्या शेपट्या, सील आणि व्हेल यांचे काही भाग आंबवून खातात. जुन्या पद्धतीत गवत अंथरलेल्या उथळ खड्ड्यात, थंड जमिनीत हे काम चाले. १९७० च्या दशकापासून गवताच्या खड्ड्याची जागा प्लास्टिकच्या बादल्या, पिशव्या आणि काचेच्या बरण्या घेऊ लागल्या, आणि लवकर व्हावे म्हणून ती भांडी घरात उबेलाही ठेवली जाऊ लागली. भांडे अधिक स्वच्छ, अधिक घट्ट झाकणाचे, दिसायला आधुनिक. पण त्यामुळे आत हवा पोहोचेनाशी झाली आणि तापमान वाढले, म्हणजे बोट्युलिनमला जे हवे ते सर्व मिळाले. बोट्युलिझमचे रुग्ण वाढले, तेव्हा तेथील आरोग्ययंत्रणेने लोकांना दिलेला सल्ला असा होता की आंबवायचेच असेल तर जुन्या पद्धतीने, थंडीत आणि प्लास्टिक न वापरता आंबवावे. आरोग्यखाते लोकांना जुन्याकडे परत जायला सांगत आहे, असे दृश्य विरळाच.

ग्रीनलंडमधील किविआक, म्हणजे आपण विचारलेला कातड्यातला पक्षी, याच प्रकारात मोडतो. लिटल ऑक हा मुठीएवढा समुद्रपक्षी, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचा. असे शेकडो पक्षी पिसांसकट सीलच्या चरबीयुक्त कातड्यात ठासून भरतात, हवा दाबून काढतात, शिवण चरबीने लिंपतात आणि दगडांखाली काही महिने ठेवतात. २०१३ मध्ये सियोरापालुक या वस्तीत लिटल ऑकऐवजी आयडर बदक वापरून किविआक केले गेले आणि ते खाऊन काही माणसे बोट्युलिझमने मरण पावली. आयडर वजनाने दोन किलोंच्या घरात जाते, आणि लहान पक्ष्यात होते तशी आंबण्याची क्रिया त्याच्यात होत नाही. बाहेरच्या माणसाला ‘पक्षी तो पक्षी’ असे वाटेल. कृतीत मात्र पक्ष्याची जातही येते, आणि हे विसरणे ज्यांच्या पूर्वजांनी हा पदार्थ घडवला त्यांनाही त्या वर्षी महागात पडले.

मांस-माशांविषयी इतके बोलल्यावर वनस्पतींकडे दुर्लक्ष झाले तर चूक होईल, कारण विष काढून खाण्याची सर्वांत विस्तृत परंपरा कंदमुळांची आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्या उपवासाच्या ताटापर्यंत येतो. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा किंवा साबुकंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या कडू जातींत लिनामारिन नावाचे द्रव्य असते. कंद ठेचला किंवा चावला की त्यातल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोक कंद किसतात, टिपिटी नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून ताणून पिळतात, आणि उरलेला चोथा भाजून त्याचे पीठ किंवा भाकरी करतात. पिळून निघालेला विषारी पिवळा रसही ते फेकत नाहीत. तो दीर्घकाळ उकळून सायनाइड उडवून लावतात आणि तुकुपी नावाचे कालवण म्हणून वापरतात. किसल्याने विकर आणि लिनामारिन एकत्र येतात, पिळल्याने विष रसाबरोबर जाते, उष्णतेने उरलेले उडते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला. तेथेही लोकांनी तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालून आंबवणे, मग वाळवणे, अशा पद्धती बसवल्या. परंतु दुष्काळात किंवा युद्धात जेव्हा घरात दुसरे काहीच नसते, तेव्हा तीन दिवसांचे भिजवणे एका दिवसावर येते. अशा काळात कोन्झो नावाचा आजार दिसतो: बऱ्या-चांगल्या माणसाचे दोन्ही पाय अचानक ताठरतात आणि ते अपंगत्व कायमचे राहते. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात १९८१ च्या दुष्काळात अशा रुग्णांची संख्या हजारावर गेली. आहारात मांस, मासे किंवा कडधान्ये असती तर त्यांतील गंधकयुक्त अमिनो आम्लांनी शरीराला सायनाइड निकामी करण्यास मदत केली असती. दुष्काळाने नेमकी तीच काढून घेतलेली असतात. यावर हॉवर्ड ब्रॅडबरी या शास्त्रज्ञाने सुचवलेला उपाय मला फार आवडतो, कारण त्याला यंत्र लागत नाही: कसाव्याचे पीठ ओले करून, पातळ थरात पसरून, सावलीत पाच तास ठेवायचे, म्हणजे उरलेले सायनाइड उडून जाते. साबुदाण्याची चिंता मात्र करू नये. तमिळनाडूतील सेलम परिसरातील कारखान्यांत कंद सोलून, वाटून, त्याचा स्टार्च पाण्याने वारंवार धुऊन घेतात, आणि त्या धुण्यात हे द्रव्य निघून जाते. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवताना रोज पाणी बदलतात. तेथे विष काढायचे नसते, पण पाणी बदलण्याची पायरी टाळली की चीक कसा नासतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा पायऱ्यांचे मोल कळेल.

एकाच कंदमुळाच्या किंवा बीच्या कृतीतील फरकाने जीव जातो याचे सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम १८६० मध्ये मेलबर्नहून निघाली, ते खंड ओलांडून उत्तर किनाऱ्याजवळ पोहोचले, आणि परतताना अन्न संपल्याने कूपर क्रीक येथे अडकले. तेथील यांद्रुवांधा लोकांनी त्यांना मासे आणि नारडू दिले. नारडू म्हणजे पाण्याकाठी वाढणाऱ्या एका नेच्याच्या बीजाणूंची टणक फळे. पुढे बर्क आणि विल्स स्वतःच नारडू गोळा करून, दळून, त्याचे पीठ शिजवून खाऊ लागले. पोट भरत होते, परंतु अंगातले त्राण जात होते, आणि ही विसंगती विल्सने आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. नारडूत थायामिनेज हे विकर असते आणि ते ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करते. यांद्रुवांधा स्त्रिया ती फळे आधी गरम राखेत भाजत, मग भरपूर पाणी घालून वाटत. मोहिमेतील माणसांनी पीठ तर केले, पण या पायऱ्या त्याच काळजीने पाळल्या नाहीत. १८६१ च्या जूनअखेरीच्या सुमारास दोघेही मरण पावले; बेरीबेरी, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यांचा सोबती जॉन किंग मात्र यांद्रुवांधा लोकांबरोबर राहिला, ते देतील ते खात राहिला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

हे सगळे परमुलखातले आहे असे वाटू नये म्हणून आपल्याच बाजारातील एक भाजी घेऊ. पहिल्या पावसाबरोबर ठाणे, रायगड, पालघर या भागांत शेवळे विकायला येतात, आणि विकणाऱ्या बाईच्या टोपलीत त्यांच्याशेजारी काकडे नावाची लहान, हिरवी, आंबट फळे हमखास असतात. शेवळे सुरणाच्या कुळातील आहेत. त्यांत कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांच्या टोचण्याने घसा खाजून सुजतो. म्हणून वरचे पान काढणे, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून देणे, भरपूर शिजवणे आणि काकडांचा रस घालणे, हा सगळा विधी आहे. शहरात नव्याने राहायला आलेला माणूस कौतुकाने शेवळे घेतो, काकडे ‘नकोत’ म्हणतो, आणि मग भाजीला दोष देतो. त्या बाईने काकडे पुढे केली होती, हा तिच्या परीने दिलेला पाककृतीचा अर्धा भाग होता. सह्याद्रीतील आदिवासी कडू कंदाचे काप राखेच्या पाण्यात उकळून मग वाहत्या झऱ्यात ठेवतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

आपल्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे घरी करून पाहावे का, याचे उत्तर आता देता येईल. भाज्यांचे आंबवणे जरूर करावे: कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ लावून, कोबी स्वतःच्याच पाण्याखाली बुडालेला राहील असा दाबून ठेवला तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू काही दिवसांत पीएच ४.६ च्या बराच खाली आणतात, आणि ते तपासण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. नात्तोही करता येईल, पण विश्वासू ठिकाणचे विरजण आणून, सोयाबीन पूर्ण शिजवून, तापमान ४० अंशांच्या आसपास राखून आणि झाकणाला भोके ठेवून, कारण त्या जिवाणूला हवा लागते. पिदान घरी करू नये, अल्कलीने हात आणि डोळे भाजतात. मासे आणि मांस बंद भांड्यात आंबवण्याचा प्रयोग तर कोणत्याही परिस्थितीत करू नये, मग चित्रफितीतला माणूस कितीही हसतमुख असो. त्या दहा मिनिटांत जमिनीचे तापमान दिसत नाही, मिठाचे प्रमाण दिसत नाही आणि करणाऱ्याच्या आजीने कोणता पक्षी टाकून दिला असता तेही दिसत नाही.

प्रवासात चाखून पाहणे ही वेगळी बाब आहे आणि तिला माझी हरकत नाही, फक्त ज्यांच्या घरात किंवा दुकानात तो पदार्थ नेहमी होतो त्यांच्याकडे खावा. फुगू परवानाधारक स्वयंपाक्याकडेच खावा. जपानच्या इशिकावा प्रांतात त्या माशाची विषारी अंडाशये मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात दोन-तीन वर्षे मुरवून विकतात. तेथेही परवानगी ठरावीक उत्पादकांनाच आहे आणि विक्रीपूर्वी तपासणी होते. स्वीडनच्या सुरस्ट्रोमिंग या आंबलेल्या हेरिंगचा डबा फुगलेला असतो, कारण आतले आंबणे चालूच असते; पण त्यावरून दुसऱ्या कोणत्याही फुगलेल्या डब्याला माफी देऊ नये, तो न उघडता टाकावा. सार्डिनियातील अळ्यांच्या चीजची विक्री कायद्याने बंद आहे आणि जिवंत अळ्या पोटात त्रास देऊ शकतात, म्हणून मी स्वतः ते टाळीन.

खाणाऱ्याच्या प्रकृतीचेही पाहावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी नात्तो खाऊ नये, कारण त्यात ‘के-२’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि औषधाचा परिणाम उतरतो. ज्यांना कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही त्यांनी बस्तर-गडचिरोलीकडील लाल मुंग्यांची चापडा चटणी असो वा थायलंडमधील तळलेले किडे, सावध राहावे, कारण ॲलर्जी उत्पन्न करणारे प्रथिन या दोन्हींत जवळजवळ सारखे असते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी न शिजवलेले आंबलेले मासे-मांस खाऊ नये.

शेवटी, असा पदार्थ खाल्ल्यानंतर काय झाले तर धावपळ करायची, ते सांगते. जुलाब-उलट्या त्रासदायक असल्या तरी बहुधा आटोपतात. परंतु साधारण १२ ते ३६ तासांत, क्वचित काही दिवसांनी, एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तोंड कोरडे पडले, जीभ जडावली किंवा गिळता येईना, आणि हे सगळे ताप नसताना झाले, तर बोट्युलिझमची शंका घेऊन तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. प्रतिविष पुढचा लकवा थांबवते, झालेला उलटवत नाही, म्हणून तासांना महत्त्व असते. डॉक्टरांना काय खाल्ले आणि केव्हा खाल्ले ते स्पष्ट सांगावे, सोबत जेवलेल्या सर्वांना कळवावे, आणि उरलेला पदार्थ कचऱ्यात न टाकता, कोणी चाखणार नाही अशा बेताने पिशवीत बांधून तपासणीसाठी बरोबर न्यावा.